बापाची अरबी

आमच्या गावात कुणाचं पोरगं इंग्रजीत नापास झालं की त्याला माझ्या बापाचं उदाहरण देतात. चौथी शिकलेला माणूस, पण कन्नड बोलतो, तेलुगू बोलतो, तमिळ बोलतो, आणि अरबी तर अशी की अरबानंही वळून बघावं. मी समोर असले तर मलाही ऐकवतात, "तुज्या बापाच्या जिभेवर सरस्वती हाय बग." मी मान हलवते. जिभेवर होती, हे खरंच आहे. हातांकडे ती कधी फिरकली नव्हती.

बाप ड्रायव्हर. आधी केज भागातून कपाशीच्या गाठी भरून ट्रक दक्षिणेत न्यायचा, नंतर कुवेतला एका श्रीमंताच्या घरची गाडी चालवायला गेला. भाषा शिकायची त्याची स्वतःची रीत होती. नव्या मुलखात गेलं की आधी तोंड बंद. ढाब्यावर, वजनकाट्यावर, पंक्चरवाल्याकडे नुसतं बसायचं. कुठं भांडण लागलं की तिथं जाऊन उभं राहायचं, कारण भांडणारा माणूस एकच वाक्य चार वेळा म्हणतो आणि हातवारे करून अर्थही सांगतो. मग एके दिवशी तोंड उघडायचं. आणि उघडलं की बाप तिथलाच वाटायचा. तो शब्द पाठ करत नव्हता, अख्खा माणूसच पाठ करायचा. भाषा बदलली की त्याचे खांदे बदलायचे, मान बदलायची, हसणंसुद्धा त्या मुलखाचं व्हायचं.

कुवेतच्या त्या घरात स्वयंपाकाला श्रीलंकेची बाई होती आणि मुलं सांभाळायला फिलिपिन्सची. दोघींच्या भाषा तो फुकटात उचलून आला. सुट्टीवर आला की आमच्या ओट्यावर गाव जमायचं आणि त्याचा खेळ सुरू व्हायचा. त्या दोन बायकांचं भांडण तो एकटाच दोन आवाजांत करून दाखवायचा. मग मालक गाडी मागे घ्यायला लावताना कसा ओरडतो, ते. "इर्जअ, इर्जअ," बाप पोटातून आवाज काढायचा. म्हणजे मागं हो. शेवटचा तो 'अ' गळा आवळून काढायचा, कुणीतरी नरडं धरल्यासारखा. माणसं पोट धरून हसायची. मीही हसायचे. आई आतून चहाचे कप बाहेर द्यायची, तिच्या डोळ्याखाली काळंनिळं असायचं, आणि तीही हसायची.

मार मात्र मराठीतच असायचा. भाजीतलं मीठ, दारात उलटी पडलेली चप्पल, माहेरचा फोन, काहीही निमित्त पुरायचं. एकदा त्यानं गाडीचा लोखंडी पाना फेकून मारला, आईच्या मनगटाचं हाड सरकलं. दवाखान्यात तिनं सांगितलं, म्हशीनं ढकललं. आमच्याकडं म्हैस नव्हती. मामा एकदा जाब विचारायला आला, तर बापानं त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. मामाच्या कानातून रक्त आलं, तो पुन्हा आमचा उंबरा चढला नाही. मी मधे पडले त्या दिवशी माझ्या पुढच्या दाताचा कोपरा गेला, तो तसाच आहे. आणि ओट्यावर हसणारी माणसं कुंपणापलीकडून म्हणायची, "नवराबायकोचं हाय, आपून कावून पडायचं मधी?" त्या माणसांचा राग मला बापाइतकाच आहे, अजून आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मी दहावीत होते तेव्हाची गोष्ट. बाप सुट्टीवर आलेला. त्यानं आईचे केस डाव्या मुठीत धरले होते आणि उजव्या हातानं पट्टा चालवत होता. शिव्या चालू होत्या, तिच्या माहेरच्या सगळ्या पिढ्या एकेक करून निघत होत्या. तेवढ्यात बाजेवरचा मोबाईल वाजला. बापानं नाव बघितलं, पट्टा खाली टाकला, फोन कानाला लावला. केस सोडले नाहीत.

आणि त्याचा आवाज बदलला. इतका मऊ आवाज मी त्याच्या तोंडून माझ्यासाठी कधी ऐकला नव्हता. "हादिर, बाबा," तो म्हणाला. हादिर म्हणजे आपलं हजर, हुकूम करा. आणि बाबा म्हणजे मालक. तिथं नोकरांनी मालकाला बाबाच म्हणायचं असतं, मग तो वयानं धाकटा का असेना. फोनमधून तो बाबा कडाडत होता, ते मी उभी होते तिथपर्यंत ऐकू येत होतं. माझा बाप कमरेत वाकला होता. फोनमध्ये कोण बघतंय, पण तो हसत होता, माना डोलावत होता, हादिर हादिर करत होता. त्याच्या मुठीत आईची मान वाकडी झालेली. तिनं तेवढ्यात पदरानं ओठाचं रक्त पुसलं आणि दोनचार श्वास ओढून घेतले. बोलणं संपलं. बापानं मोबाईल जपून बाजेवर ठेवला, पट्टा उचलला, आणि शिवी जिथं तुटली होती तिथूनच पुढं चालू केली.

तेव्हापासून मी त्याच्यावर नजर ठेवायला लागले. बोअर घ्यायला तामिळनाडूच्या गाड्या आमच्या भागात येतात, बाप सुट्टीवर असला की त्यांच्यावरच्या पोरांशी बोलायला गाव त्यालाच बोलवायचं. तिथंही तो गोगलगाय. दक्षिणेतल्या व्यापाऱ्याचा फोन आला तरी तसाच. मला हळूहळू कळलं की परक्या भाषेत हा माणूस वाईट होऊच शकत नाही. त्या सगळ्या भाषा त्यानं कुणाच्या तरी हाताखाली राहून शिकल्या होत्या. त्यांत त्याला हो म्हणता यायचं, चूक झाली म्हणता यायचं, आज्ञा घेता यायची. मालक तो फक्त घरात होता, आणि घरात मराठी होती.

मी बारावी झाले त्या वर्षी तो कुवेतची नोकरी सोडून कायमचा घरी आला. का सोडली ते सांगितलं नाही, आणि विचारायची आमची छाती नव्हती.

सोयाबीन निघालं होतं. गावातल्या एका बड्या शेतकऱ्याच्या रानात बोअर चालू होती, आणि दुभाषा म्हणून बाप सकाळपासून तिकडं गेला होता. हा शेतकरी पुढारी माणूस, दहा गावांत वजन असलेला. बोअरला पाणी लागलं नाही, नुसता फुफाटा उडाला. पुढाऱ्यानं पन्नास माणसांत बापाची गचांडी धरली. "त्यास्नी काय सांगितलंस बे तू? त्यांच्यासंगट तमिळमधी काय शिजवलंस?" असं म्हणत त्यानं दोन मुस्काटात दिल्या. दुभाष्याचं असंच असतं, पाणी न लागल्याचा मारही तोच खातो. बापानं मान खाली घातली आणि तो घरी आला. हे मला नंतर कळलं. आईला तर तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

ती अंगणात सोयाबीन पाखडत होती. ऊन डोक्यावर आलेलं. तिनं सूप थांबवून एवढंच विचारलं, "अवं, पानी लागलं का?"

बाप सरळ छपराकडं गेला आणि टामी घेऊन आला. टामी म्हणजे जॅकची लोखंडी दांडी, गाडीचं चाक काढताना लागते ती. पहिला घाव पाठीत बसला. दुसरा खांद्यावर, आणि त्याचा जो आवाज झाला तो वाळलेली तुऱ्हाटी मोडावी तसा झाला. आई सोयाबीनच्या ढिगात पालथी पडली. ओरडली नाही, ओरडायला वारा उरला नव्हता. आजवर त्यानं लोखंड फेकलं होतं, हातात धरून चालवलं नव्हतं. त्यानं टामी दोन्ही हातांनी डोक्यावर नेली. तिसरा घाव आईच्या टाळूवर येणार होता, आणि आई मरणार होती. हे मला उन्हाइतकं स्वच्छ दिसलं.

बापाला मी दादा म्हणायचे. "दादा, नको" हे म्हणून झालं होतं. लहानपणापासून म्हणत आले होते, त्यानं एक घाव कधी कमी झाला नाही. त्या वेळी मी विचार केला असं म्हणणार नाही. माझ्या पोटातून आवाज निघाला, आणि तो त्या मालकाचा होता.

"इर्जअ."

बाप एक पाऊल मागं सरला. टामी हातातून निसटून दगडावर वाजली. आणि मग त्यानं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याचं एक कोपर तोंडासमोर आलं, दुसरा तळवा डोक्याच्या मागं गेला, गुडघे वाकले, मान खांद्यात शिरली. ही ढब मला ओळखीची होती. माझी आई अगदी अशीच बसायची.

"हादिर, बाबा," तो मला म्हणाला.

म्हणजे यालाही तिथं कुणीतरी मारत होतं. एकदोनदा नाही, अंगात भिनेपर्यंत. मी हे शहरातल्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या विचारतात, तुला दया नाही का आली? नाही आली. मला आनंद झाला. ज्यानं मारलं त्याचे हात सोन्यानं मढवावेत असं वाटलं. आता इतक्या वर्षांनी थोडीफार दया येते, पण तीही येते आणि दारातून परत जाते.

सोयाबीनच्या ढिगातून आईचा आवाज आला. "अजून म्हन."

मी म्हटलं. तो आणखी मागं गेला. मी म्हणत राहिले, तो सरकत राहिला, शेवटी छपराच्या कुडाला पाठ लागली तसा खाली बसला आणि तोंड झाकून घेतलं. आई कशीबशी उठली. तिनं डाव्या हातानं टामी उचलली, तोल सावरत त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. तिला दोन्ही हातांनी ती वर न्यायची होती. मला दिसत होतं की ती मारणार आहे, आणि मी तिला अडवणार नव्हते. पण उजवा खांदा मोडलेला, हात वर जाईना. तेवढ्यावर बाप वाचला.

आईच्या खांद्याला महिनाभर दवाखान्याचा पट्टा होता. त्या महिन्यात बापानं आईला बोटही लावलं नाही, कारण मी घरात होते. पण मला बीडला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. माझी बॅग ओसरीत येऊन पडली तसा बाप त्या बॅगेकडं बघायला लागला. जाता येता बघायचा. आई त्याला बघताना बघायची. मी म्हटलं, मी जात नाही.

"तू जायचं," आई म्हणाली. "तू गेल्यावर कोन म्हनल ते? मला शिकव."

ती चुलीपुढं बसली आणि शिकायला लागली. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. इरजा म्हणायची, इर्जा म्हणायची, शेवटचा तो गळ्यातला अ काही केल्या निघेना. त्याच्या जागी आंब्यातला आ यायचा. "माजी जीब वळत न्हाई गं," म्हणायची आणि पुन्हा लागायची. डाव्या हातानं भाकर थापत म्हणायची, काटक्या सारत म्हणायची. मला हसू येत होतं, पण असल्या इर्जाला बाप भीक घालणार नव्हता.

तो ओसरीत बसून सगळं ऐकत होता. हे आम्हाला कळलं ते तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा. माझ्या हातातला चिमटा मी घट्ट धरला.

"तसं न्हाई," तो म्हणाला.

आई भाकर हातात धरून तशीच बसली.

"गळ्यातून काढ. शेवटाला नरडं आवळ. हे असं." त्यानं स्वतःच्या गळ्याला बोटं लावून दाखवलं. वाकडी भाषा कानावर पडली की त्याला दाढदुखी झाल्यासारखं व्हायचं, मग शब्द कुठला का असेना, कुणासाठी का असेना.

आई म्हणाली. "न्हाई, अजून खालून," बाप म्हणाला. ती पुन्हा म्हणाली. त्यानं मान हलवली, पुन्हा म्हणून दाखवलं, ती पुन्हा म्हणाली. कितीदा झालं देव जाणे, तव्यावरची भाकर करपली.

"आता आला," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखर खुलला होता.

आईनं भाकर परातीत ठेवली. ती उठली, दारापर्यंत गेली, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि तो शब्द म्हणाली. शिकताना म्हणत होती तसा नाही.

बापाचा चेहरा उतरला. त्यानं उंबऱ्यावरचा पाय मागं घेतला.

"हादिर," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी बीडला गेले.