गुरुवारी दिसणारा डाग

हाल्ग्रीमुरला मातीत द्यायच्या दिवशी रेक्याविकच्या वर्तमानपत्राला आठ पानं वाढवावी लागली. आमच्याकडे रीतच आहे, माणसाच्या अंत्यविधीच्या दिवशी ज्याला वाटेल त्यानं त्याच्यावर चार शब्द लिहून छापायला द्यायचे. आणि हाल्ग्रीमुर तर वीस वर्षं आठच्या बातम्यांना घराघरांत येत होता. गुरुवार तेवढा सोडून, कारण त्या काळी गुरुवारी सरकार देशभर टीव्हीच बंद ठेवायचं. बुडालेल्या बोटीवरच्या माणसांची नावं तो इतकी सावकाश वाचायचा, की ऐकणाऱ्या आईला निदान खुर्चीची पाठ धरायला वेळ मिळे. त्याच्यावर कोळ्यांनी लिहिलं, मेंढपाळांनी लिहिलं, जन्मात कुणाला पत्र न धाडलेल्यांनीही लिहिलं.

स्टेइनूननं मात्र लिहिलं नव्हतं. टीव्ही केंद्रात रोज त्याच्या तोंडाला रंग लावणारी ती हीच.

"आठही पानं चाळली, तुझं नाव कुठे नाही!" शेजारची ग्रोआ सकाळीच पेपर नाचवत आली. "त्याचं तोंड तुझ्याइतकं कुणी बघितलंय? बायकोनंसुद्धा नसेल बघितलं!"

"जमलं नाही गं."

"न जमायला काय झालं? माझ्या दिरानं लिहिलंय, त्या दगडानं!"

स्टेइनूननं पेपर घडी करून बाजूला ठेवला. चार कागद तिनं फाडले होते. प्रत्येक कागद एका डागापाशी येऊन अडला होता.

दोन वर्षांपूर्वी हाल्ग्रीमुरच्या डाव्या कानाच्या पाळीखाली मसुरीएवढा तपकिरी डाग उठला. सगळ्यांच्या आधी तो तिनं पाहिला. महिन्या-महिन्याला तो काळा होत गेला, कडा फाटल्यासारख्या झाल्या. मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण तिचा धंदाच झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणणारा. डाग दिसला की हात आपसूक डबीकडे जायचा.

एकदा आरशात बघत त्यानंच विचारलं होतं, "स्टेइनून, हे काय गं वाढतंय?"

"वय वाढतंय," ती म्हणाली. "माझा हात फिरला की कुणाला दिसायचं नाही. काळजी सोड."

तो खदखदून हसला. "अर्धं तोंड देवानं केलंय, अर्धं तू. तक्रार करायची तरी कुणाकडे?"

त्या दिवसापासून ती त्या जागेसाठी थोडा घट्ट रंग वेगळा कालवू लागली. तो डॉक्टरकडे गेला तेव्हा त्या डागाचा कॅन्सर यकृतात पोचला होता. आता डाग कापून काही उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. सहा महिन्यांत खेळ आटोपला.

आदल्या दिवशी त्याच्या बायकोचा, आल्डिसचा, फोन आला होता. "शवपेटी बंद करायच्या आधी मुलं त्याला बघतील. चेहरा पार पिवळा पडलाय गं. तू येशील?" स्टेइनून हो म्हणाली आणि त्याच क्षणी तिनं ठरवलं, पेटीचं झाकण लागायच्या आत हिला सगळं सांगायचं. मग तिनं थोबाडीत मारली तरी चालेल.

अंत्यविधीच्या दुपारी, पेटी ठेवली होती त्या लहानशा प्रार्थनाघरात दोघीच होत्या. गार कातडीवर रंग धरत नव्हता. कपाळ झालं, गाल झाले. आल्डिस शेजारी बसून त्याचा टाय सारखा करत होती. कानाशी आल्यावर स्टेइनूनचा हात थांबला.

"आल्डिस, हा डाग सगळ्यांच्या आधी मी पाहिला होता. मला बरा वाटला नव्हता. तरी बोलले नाही, झाकत बसले."

आल्डिसनं मान वर केली नाही.

"ठाऊक आहे मला. गुरुवारी तो घरी असायचा, धुतलेल्या तोंडानं. दर गुरुवारी मी म्हणायची, डॉक्टरला दाखव रे. तो म्हणायचा, स्टेइनून रोज बघते, तीच म्हणाली काळजी सोड. तिला नाही कळत, नि तुला कळतं होय?"

स्टेइनूनला रडायचं होतं, पण या बाईसमोर रडायचाही आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. बाहेर मुलांची पावलं वाजली. तिचा हात सवयीनं घट्ट रंगाच्या डबीकडे गेला.

आल्डिसनं तिचं मनगट धरलं.

"तो डाग राहू दे," ती म्हणाली. "आज गुरुवार आहे."