सुबाभूळ आणि कुसळी

माझं माहेर मोरगावच्या कोरडवाहू भागातलं, सासर माळेगावच्या कालव्याकाठचं. लग्नात वडिलांनी आंदण म्हणून शेळी दिली होती. तिच्या वंशातली आता एकच उरली आहे, आणि या उन्हाळ्यात ती पहिल्यांदाच गाभण होती.

सासूबाई तिला रोज बांधावरच्या सुबाभळीचा पाला घालायच्या. हिरवागार भारा दिसला की शेळी दावं ताणायची. एका सकाळी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर मुठीत केसांचा पुंजकाच आला. नुसत्या सुबाभळीवर ठेवलेली शेळी केस टाकते, कधी गाभही टाकते. आमच्या माळावर हे शेंबडं पोरही सांगेल. कालव्याकाठी मात्र हिरवं दिसलं की घातलं. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "सुबाभूळ लोणचं हाय, भाकरी न्हाय. येऊन कुसळी घेऊन जा."

दिवाळीनंतर कापून गंजीला लावलेलं ते रानगवत मी एसटीने आणलं. कंडक्टर कुरकुरला. शेजारच्या बाईच्या पदरात कुसळं रुतली, ती मी बारामतीपर्यंत वेचत बसले.

भारा बघून सासूबाईंचं तोंड उतरलं. "गाभण जितराबाला कुणी काड्या घालतं व्हय?"

शेळीनेही त्यांचीच बाजू घेतली. गवत हुंगलं आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. आता मला दुहेरी धास्ती: हिरवं घातलं तर गाभ जाईल, वाळलं घातलं तर ही उपाशी मरेल. मी गोठ्यातच रडले.

सासूबाईंनी ते पाहिलं असावं. त्यांनी पेंढ्या दगडावर आपटून कुसळं झाडली, गवत बारीक तोडलं आणि त्यात मूठभर सुबाभूळ कालवली. शेळीने तोंड घातलं. तरी रोज चहाआधी मी तिची पाठ चाचपायचे. जीव थाऱ्यावर नव्हताच.

परवा ती व्याली. करडू आधी हललंच नाही. सासूबाईंनी त्याला गोणपाटाने खसाखसा चोळलं, तेव्हा कुठे ते शिंकलं आणि धडपडत उभं राहिलं.

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माहेरी जा असं त्या आपणहून कधी म्हणाल्या नव्हत्या. आज लुगड्यातली कुसळं उपटत म्हणाल्या, "गवत संपत आलंय. माहेरी कधी जातीस?"