सरमिसळ तांदूळ

बायकोनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते सुपेल्याच्या बाजारात तांदळाचं पीठ विकायचं. मी राजमिस्त्री, कारखान्याच्या बांधकामासाठी नागपूरकडून भिलाईत आलेला. या वयात पीठ विकायची लाज वाटत होती. ती म्हणाली, "तोंड कावून लपवता जी? चोरीचं हाय का?"

चोरीचं नव्हतं. आमच्या कॅम्पात, म्हणजे मजुरांच्या वस्तीत, आमच्याच मुलखातलं एक घर होतं. त्यांच्या दोन्ही पोरांना जन्मापासून रोग: जरा लागलं की रक्त थांबत नसे. डॉक्टर म्हणाला, असा रोग क्वचित दिसतो, आईकडून रक्तातून येतो, औषध नाही. धाकट्याच्या गुडघ्यात रक्त साचून पाय आखडला होता. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात रक्त चढवलं तर पाय वाचेल, म्हणाला. बापाची रोजंदारी. तिथं राहायचं कशावर?

मग आमच्या बायांनी मूठ धरली. रोज रांधायच्या आधी मूठभर तांदूळ बाजूला. रविवारी माझी बायको पोतं घेऊन घरोघर फिरे. गावी जयंतीच्या जेवणासाठी अशीच मूठ काढत. पण तिथं सगळ्यांच्या घरी एकाच शिवारातला तांदूळ. इथं कोणी अरवा, म्हणजे न उकडता कांडलेला खाई, कोणी उसना, म्हणजे उकडून वाळवलेला. हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

तांदूळ विकायला नेला तर दुकानदारानं पोत्यात हात घालून लगेच बाहेर काढला. "अरवा-उसना सब मिला दिया. आधा गलेगा, आधा कच्चा रहेगा. कौन लेगा?"

पोरांची माय धाकट्याला कडेवर घेऊन निघून गेली.

मी बायकोला म्हणालो, "आता बसा निवडत."

"तुमी इटा निवडा," ती म्हणाली. "दळलं तं कोणाले समजते, उसना होता का अरवा?"

कामावर विटा वाहणाऱ्या छत्तीसगडी बाया तांदळाच्या पिठाचे चीले, म्हणजे धिरडी, करतात, हे तिनं पाहिलं होतं. बाजारात त्याच आल्या. एकीनं पीठ चिमटीत चोळलं अन् मले विचारलं, "मिस्त्री, चूना तो नइ मिलाय हस?"

"चुना असता तर महाग दिलं असतं," बायको म्हणाली. दिवे लागायच्या आत पोती रिकामी झाली. त्या पैशांवर पोरं मायबापासंगं दुर्गहून नागपूरच्या गाडीत बसली.

त्याच आठवड्यात बायको गेली. छातीत कळ आली, पाणी मागितलं, मी आणेस्तोवर संपली. पोराच्या पायाचं काय झालं ते न कळताच गेली, हे मले खात होतं. पाय नाही वाचला तर तिनं कशासाठी घरं पालथी घातली? आता एकटाच रांधतो, वाईट रांधतो.

एका संध्याकाळी पोरांचा बाप गाडीतून उतरून थेट माझ्या दारात आला. त्याले काही ठाऊक नव्हतं.

"काकू कुठी हाय?"

"आधी पोराचं सांग."

"पाय वाचला, काका. उभा रायते आता. रोग जात नाही म्हणते डॉक्टर. जपा म्हणते, पडू देऊ नका. परवाच्या गाडीनं येऊन रायले सारे."

माझा जीव भांड्यात पडला. मग त्याले काकूचं सांगितलं. तो रडला, मीही रडलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा. रडून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छन्नी-हातोडा घेऊन त्यांच्या घरी गेलो. पोरं यायच्या आत उंबरठ्याची धार अन् ओट्याचे कोपरे फोडून गोल केले, वरून सिमेंट गुळगुळीत घोटलं.