कच्च्या टाक्यांनी बंद केलेले खिसे

कोटाचा खिसा तयार झाला की अप्पा त्याचे तोंड लगेच कच्च्या टाक्यांनी बंद करीत. पुढची शिलाई आणि इस्त्री होईपर्यंत ते ताणले जाऊ नये, कोटाची ठेवण बिघडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. कोट घरी नेल्यावर गिऱ्हाइकाने तो दोरा स्वतः उसवायचा. माझे वडील जन्मभर म्हैसूरमध्ये कोट शिवत आले. मी त्यांची थोरली मुलगी. कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि त्यांच्याचजवळ राहते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना ताप आला. ताप गेला, पण मांड्या वाळल्या. वय ऐंशीच्या पुढचे. बन्नूरच्या एका ऊसवाल्याचा कोट तेव्हा अर्धा झाला होता. खिसे झाले होते, बाह्या जोडायच्या होत्या. मशीन पायाचे, आणि पाय पॅडल दाबेनात. मी मोटर बसवण्याचे सुचवले.

“मोटर बेडा,” अप्पा म्हणाले. आमच्या घरी वाक्य मराठीत सुरू होते आणि नकार बहुधा कन्नडमध्ये येतो. “टाका मला पायानं कळतो. मोटरला काय कळतंय?”

म्हणजे प्रश्न कोटाचा नव्हता. त्या पायांनी मशीन पुन्हा चालेल की नाही, हा होता.

मी पद्धतशीरपणे कामाला लागले. स्नायू प्रथिनांचा असतो. प्रथिने पोटात गेली पाहिजेत. अप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ असल्यामुळे अंडे घरात येणे शक्य नव्हते. म्हणून सकाळी मोड आलेले मूग, दुपारी हुरळीचे, म्हणजे कुळथाचे, सारू, संध्याकाळी दूध आणि भाजलेले शेंगदाणे. एकादशीला अप्पा पाण्याशिवाय काही घेत नसत. बुडालेला पाठ दुसऱ्या दिवशी जादा तास घेऊन भरून काढावा, तशी मी द्वादशीला भिजवलेल्या मूगडाळीची दुप्पट कोसंबरी वाढत असे. शरीराचे वेळापत्रक तसे चालत नाही, हे मला ठाऊक असायला हवे होते.

दर रविवारी मी त्यांच्याच टेपने त्यांची मांडी मोजत असे.

“काय मिस्, मांडीला बाही लावता काय?” ते विचारीत.

“अप्पा, हलू नका.”

“मापं घेताना गिऱ्हाइकाला असं दटावलं असतं, तर मी उपाशी मेलो असतो.”

पाऊस सरला, नवरात्र आले. माप कमीच होत गेले.

त्याच सुमारास बन्नूरचा तो ऊसवाला बसने आला. त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते. तो खुर्चीत अवघडून बसला आणि कोटाचे नावही न काढता ऊस, पाणी, हवा यांविषयी बोलत राहिला. अप्पांनीच म्हटले, “दिवाळीनंतर या, सावकार्रे. पाय येतायत.” तो गेल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, “येतायत ना?”

चुकीचे उत्तर बरोबर म्हणून देणे मला जमत नाही. मी वर्गात सांगते तसे सांगितले. आपण खातो तो कच्चा माल. त्यापासून प्रथिने विणणारी यंत्रे प्रत्येक पेशीत असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. ही यंत्रे ज्या जनुकांवरून घडतात, त्यांच्या पुष्कळ प्रती पेशीत असतात. वय वाढते तशा त्यांतल्या काही प्रतींवर बारीक रासायनिक खुणा वाढत जातात. जनुक जागेवर असते, त्यातले एक अक्षरही बदललेले नसते. पण ते वाचले जात नाही. नवी यंत्रे कमी बनतात, विणकाम मंदावते. प्रत्येक अवयवात हे किती होते, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही. म्हातारपणाचे हे एकच कारण आहे, असेही नाही.

अप्पांनी मांडीवरचा अर्धा कोट चाचपला.

“म्हणजे हे,” ते खिशावर बोट ठेवून म्हणाले. “खिसा आहे. हात जात नाही.”

इतक्या वर्षांत इतके नेमके उदाहरण मला सुचले नव्हते. “हो,” मी म्हटले.

“मग उसव की.”

“माणसाच्या शरीरातले हे टाके उसवायचे साधन अजून कोणाकडे नाही, अप्पा.”

मूग चाळणीत निथळत होते तिकडे पाहत त्यांनी विचारले, “मग टाके घातलेल्या खिशात रोज काय भरतेस गं?”

माझ्याजवळ उत्तर होते. आहार सोडला तर झीज आणखी वेगाने होते, हे खरे आहे. मी ते सांगितले. “साकु,” ते म्हणाले. पुरे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच ऊसवाल्याला फोन लावायला सांगितला. तो आला. अप्पांनी कोट, बाह्या आणि उरलेले कापड एकत्र बांधून ठेवले होते. “बन्नूरला कोणाकडूनही बाह्या लावून घ्या,” ते म्हणाले. “खिसे उसवू देऊ नका त्याला. लग्नादिवशी तुम्हीच उसवा.” ऊसवाला वाकून नमस्कार करून गेला.

रविवारी मी टेप घेतला, तेव्हा त्यांनी धोतर सावरून पाय आत ओढून घेतला. मी टेप गुंडाळून मशीनच्या खणात ठेवला. त्या संध्याकाळी मी मूग भिजत घातले नाहीत. सकाळी त्यांनी विचारले नाही.