गेटावरचा नळ

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. देवपूरच्या कॉलेजातून पदवी घेऊन मी धुळ्याबाहेरच्या एका लहानशा केमिकल कारखान्यात केमिस्ट म्हणून चिकटलो. घर जळगावला, त्यामुळे कारखान्यालगतच्या गावात एका शेतकरी घरात खोली घेतली. घरमालकिणीला सगळं गाव अक्का म्हणे, मीही म्हणू लागलो. अक्का तोंडाने फटकळ होती. मीही काही कमी नव्हतो, म्हणून आमचं जमलं.

कारखान्यात कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं बनत. ती बनताना आम्लाची वाफ उठे. ती पाण्याने धुऊन मगच धुराड्यातून सोडायची, यासाठी एक उंच टॉवर होता. कामगार त्याला न्हाणी म्हणत, धूर आंघोळ करतो म्हणून. ही न्हाणी बहुतेक वेळ कोरडी असायची. असं यंत्र विकत घेतलं की करात चांगली सवलत मिळे. पण ते चालवण्यासाठी कुणी काही देत नव्हतं, आणि चालवायला पाणी लागे. शेठने यंत्र घेतलं, सवलत घेतली आणि विषय संपवला. नाशिकहून तपासणीचा साहेब वर्षातून एकदा आधी निरोप पाठवून येई. त्या दिवशी न्हाणी वाहायची. त्याच्या जीपची धूळ बसायच्या आत ती बंद व्हायची. मला संताप यायचा, पण नोकरी नवी होती.

गावात मात्र शेठचं नाव चांगलं होतं. उन्हाळ्यात गावाबाहेरच्या विहिरीत पोहरा तळाला खरवडायचा. तेव्हा शेठने बोअरचं वाचलेलं पाणी गेटावर नळ काढून गावाला दिलं. बाया त्या नळाला हळदीकुंकू लावत. न्हाणीच्या वाट्याचं पाणी घागरीत येत होतं आणि न धुतलेला धूर त्याच घागरीवाल्यांच्या घरांवर उतरत होता, पण या दोन गोष्टी जोडून कुणी बोलत नसे. कारखान्याकडच्या अंगाची लिंबाची पानं कडेने करपलेली असत. लोक म्हणत, ऊनच तसलं आहे.

मग ती आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. लिंबाला झोके बांधतात, पितरांसाठी घागर भरतात. अक्काची एकुलती एक लेक तान्हं बाळ घेऊन आली. दुसऱ्याच दिवशी वारा कारखान्याकडून फिरला. बाळाला खोकल्याची अशी उबळ लागली की ओठ निळे पडले. मीच त्याला कारखान्याच्या जीपमध्ये घालून धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. ते वाचलं. पण जावई आला, बायको-पोराला घेऊन गेला आणि जाताना उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "तुमना गावना वारा खराब शे. आते हाई आखाजीले येवाव नही."

वर्षभर अक्का त्या वाक्याभोवती फिरत राहिली. भाकरी थापता थापता विचारायची, "केमिस्टभाऊ, मन्ही पोर येई ना?" उत्तर माझ्या हाताखालच्या न्हाणीच्या व्हॉल्व्हमध्ये होतं, आणि तो उघडायला शेठची परवानगी लागे.

त्या हिवाळ्यात तपासणीला नवा साहेब आला. वाहणारी न्हाणी बघून तो हसला. म्हणाला, "आज चांगली वाहतेय." मी चिडून बोललो, "साहेब, तुम्ही यंत्र घेणाऱ्याला बक्षीस देता. चालवणाऱ्याला काय देता?" तो रागावेल असं वाटलं होतं. पण तो म्हणाला, "न सांगता येऊन घेतलेले धुराचे नमुने सतत चांगले आले, तर कारखाना चालवायची परवानगी दरवर्षीऐवजी एकदम काही वर्षांची देण्याची शिफारस करता येते. तुमचे शेठ तयार होतील?"

शेठ तयार झाला. पैशापेक्षा त्याला नाशिकच्या ऑफिसातलं बाकडं जास्त टोचत होतं. दरवर्षी परवानगीसाठी तो दिवसचे दिवस तिथे बसून यायचा आणि आठवडाभर सगळ्यांवर खेकसायचा. माणूस वाईट नव्हता. त्याला नको असलेलं काय आहे, ते नेमकं कुणीतरी पकडायला हवं होतं. मी मनातून फार खूश झालो.

"उद्यापासून न्हाणी चालू," तो म्हणाला. "आणि गेटावरचा नळ बंद. बोअरला पाणी तेवढंच आहे."

"निदान आखाजीपुरता तरी सुरू ठेवा," मी म्हणालो.

"आणि तपासणीवाला नेमका आखाजीलाच आला तर?"

ती अट मीच तर आणली होती.

नळ बंद झाला आणि गावात माझं तोंड बघायला कुणी तयार होईना. हे केमिस्टचं काम, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. बाया विहिरीवरून रिकाम्या-भरल्या घागरी घेऊन माझ्या दारावरूनच जात आणि मला ऐकू जाईल असं बोलत. अक्काने माझा सकाळचा चहा बंद केला, ते जास्त लागलं. मी मात्र जावयाच्या गावी जाऊन त्याला न्हाणी समजावून आलो होतो. त्याने नुसतं "बघू" म्हटलं, म्हणून अक्काला मी ते सांगितलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळची एसटी फाट्यावर थांबली. अक्काची लेक उतरली, कडेवर पोर. अक्का धावत गेली ती थेट पोराच्या छातीला कान लावून उभी राहिली. रात्री वारा कारखान्याकडूनच होता. घरात कुणी झोपलं नाही, फक्त पोर झोपलं.

उजाडताना अक्का माझ्या दारात आली. हातात चहा होता, खांद्यावर कावड.

"तूच नय बंद कया ना?" ती म्हणाली. "मंग उठ. इहीरवर चाल. पोर उनी शे, आते पानी जास्त लागी."

मी चहा घेतला, तिची कावड माझ्या खांद्यावर घेतली आणि निघालो. वाटेत तिची लेक मागून येऊन मिळाली. तिने विचारलं, "माय, नयनं पानी गयं, तुले वाईट नही वाटनं का?"

अक्का चालायची थांबली नाही. "पानी डोकावर आनता येस," ती म्हणाली. "वारा कोठेन आनू व माय?"

मी कावड दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि त्या दोघींच्या मागे चालत राहिलो.