सत्त्वकाकांचा मका

"स्वतःची नातवंडं लांब, म्हणून दुसऱ्यांच्या पोरांसाठी नाचणीला मोड आणत बसतात बिचारे," लिफ्टपाशी उभ्या दोघींपैकी एक म्हणाली.

"आणि देवभोळे किती! परवा पिशवीभर जव घेऊन आले. कसली तरी शांत असणार," दुसरी म्हणाली.

मी त्यांच्या मागे उभी होते. माझ्या पायांशी मक्याचं पोतं होतं. ते मी कुंभिवलीहून स्कूटरवर पायांत धरून आणलं होतं आणि ज्यांच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं ते काका गेटवर वॉचमनला कोंबड्यांच्या आहाराविषयी काहीतरी समजावत होते. त्यांच्याकडे एकही कोंबडी नव्हती.

नाचणी बाळांसाठी नव्हती, जव देवासाठी नव्हते, मका कोंबड्यांसाठी नव्हता. सगळं व्हिस्कीसाठी होतं. नेरळच्या आमच्या अख्ख्या सोसायटीत ही गोष्ट दोघांनाच माहीत होती. एक काका स्वतः, आणि दुसरी मी. मी बोलत नाही म्हणून प्रसिद्ध आहे.

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. सोसायटीतल्या आया त्यांना सत्त्वकाका म्हणत, कारण कुणाचं बाळ सहा महिन्यांचं झालं की त्यांच्याकडून नाचणीसत्त्वाचा डबा जायचा. नोकरी त्यांनी देशावरच्या एका मद्याच्या कारखान्यात केली होती, वास आणि चव तपासायच्या खात्यात. सोसायटीत ते 'केमिकल लाइनमध्ये होतो' असं सांगत, आणि ते खोटं नव्हतं. मला मात्र त्यांनी एकदा सरळ सांगितलं.

"उसाची मळी आंबवायची, अर्क काढायचा, त्यात रंग घालायचा, वास घालायचा आणि बाटलीवर घोडा छापायचा. आत धान्याचा एक दाणा नसायचा. आणि मी खाली सही करायचो, व्हिस्की म्हणून. आयुष्यभर वास घेतला, तोंडात फिरवली, थुंकली. माझी नोकरी म्हणजे थुंकणं होतं, मॅडम."

मला ते मॅडम म्हणत. मी त्यांच्या मुलीपेक्षाही लहान, पण घरी बसून लॅपटॉपवर काम करते आणि मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवते, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

"आता एकच बाटली," ते म्हणाले. "खऱ्या धान्याची, माझ्या हातची. आणि या वेळी थुंकणार नाही."

घरात दारू गाळणं हा गुन्हा आहे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी परवाना, पोलीस, शेजारी असे शब्द मनात जुळवत होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीत आक्षेप घ्यायचा तर मला आधी वाक्य तयार करावं लागतं. ते तयार होईपर्यंत काका म्हणाले, "तू बोलत नाहीस, हा तुझा सगळ्यात मोठा गुण आहे. इतकी वर्षं लोक तुला तो दोष म्हणून सांगत असतील." हे मला याआधी कुणीच म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली.

त्यांचा नियम असा, की धान्य बरोबर नसेल तर पुढचं काहीच बरोबर होत नाही. त्यामुळे पुढचं काही झालंच नाही. आमची सगळी मोहीम धान्य शोधण्यातच गेली. दुकानात शिरलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "खायचा की बियाण्याचा?" मग ते मूठभर दाणे घेऊन त्यांवर गरम श्वास सोडत आणि नाकाशी नेत. कुबट वास आला की मूठ परत पोत्यात. वास पसंत पडला तर एक दाणा दाढेखाली. कट्कन आवाज झाला तर वाळलेला, नुसता दबला तर ओला. दुकानदार बघत राहायचे. पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "कशाला हवाय, काका?"

कुंभिवलीला हायवेलगत कोंबडीखाद्याचं एक दुकान आहे. तिथे काकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "कोंबड्यांना." दुकानदार खूश झाला.

"मंग भरडा घ्या ना. अख्खा कशाला?"

"आमच्या अख्खाच खातात."

"गावरान हायत का काका?"

"अगदी गावरान."

झालं. त्या दिवसापासून काकांच्या मागे कोंबड्या लागल्या. दर खेपेला दुकानदार त्यांची खुशाली विचारायचा. एकदा परिसरात कोंबड्यांची साथ आली तेव्हा त्याने काळजीने औषधाची बाटली हातात ठेवली. आणि एकदा लाजत म्हणाला, "काका, मंडळीला दिवस गेलेत. तुमची गावरान अंडी मिळतील का?" काकांनी कर्जतच्या बाजारात फिरून गावरान अंडी विकत घेतली, वर थोडा भुसा चिकटवला आणि नेऊन दिली. परतताना स्कूटरवर मागे बसून म्हणाले, "खोटं नेहमी आखूड ठेवावं. लांबलं की त्याला खायला घालावं लागतं."

जवांची गोष्ट निराळी. आमच्या बाजूला जव मिळतात ते पूजासाहित्याच्या दुकानात, चिमूटभराच्या पुड्यांत. काकांनी सगळ्या पुड्या मागितल्या तेव्हा दुकानदाराने हात जोडले. "मोठा याग दिसतोय. कुठे आहे?" काका म्हणाले, "घरीच, छोटेखानी." व्हिस्कीला मोड आलेलं धान्य लागतं, म्हणून घरी येऊन ते भिजत घातले. चार दिवस वाट पाहिली, एकालाही मोड आला नाही. "मेलेले आहेत," काका म्हणाले. "देवाला चालत असतील." नापसंत धान्य ते गच्चीवर टाकत. घरी आणल्यावर कुबट निघालेला मका, मेलेले जव, सगळं. चिमण्या येऊ लागल्या, साळुंख्या येऊ लागल्या, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत काकांचा पक्षिमित्र म्हणून गुलाबाचं फूल देऊन सत्कार झाला.

नाचणी मात्र पहिल्या फटक्यात पसंत पडली. ती पोशीरच्या सुमनताईंची. सुमनताईंचं भाताचं शेत आहे आणि वरच्या उतारावर थोडी नाचणी. गावातल्या बुद्धविहारात बायकांची जी मंडळी जमते तिच्यात त्यांचा शब्द चालतो, आणि गावातला दारूचा गुत्ता त्यांनी बायका घेऊन उठवला होता. हे आम्हाला नाचणी पसंत पडल्यावर कळलं.

"कशाला पायजे?" त्यांनी विचारलं.

काकांच्या तोंडून निघून गेलं, "लहान मुलांसाठी. सत्त्व करतो."

"मंग ही नको, थांबा." त्या आत गेल्या आणि घरासाठी ठेवलेली निवडक नाचणी घेऊन आल्या. "पोरांच्या तोंडात जायचीय ना? मंग ही न्या." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आनि तू गं? तोंडात मिठाची गुळनी धरलीस का?" मी हसले. तेवढंच मला जमतं.

त्या नाचणीला असे मोड आले, की काका परातीपाशी बसून नुसते बघत होते. पांढरे, सारखे, केसासारखे बारीक. सावलीत वाळवले, तेव्हा घरभर गोडसर वास सुटला. "हा वास," ते म्हणाले, "आमच्या कारखान्यात एसेन्सच्या बाटलीतून यायचा." तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची नवी आई दारात आली. बाळाचं वजन वाढत नव्हतं, डॉक्टरांनी नाचणीसत्त्व सांगितलं होतं, आणि वासामागून ती वर आली होती. काका माझ्याकडे बघत राहिले. मी जमिनीकडे. मग ते उठले आणि पहिली सगळी खेप दळून तिच्या डब्यात भरली.

तेव्हापासून हेच होत राहिलं. मोड तयार व्हायचे आणि सोसायटीत कुणीतरी रांगायला लागायचं. "या इमारतीतली माणसं जरा दम धरतील तर मी व्हिस्की करीन," काका कुरकुरायचे आणि डबे धुऊन ठेवायचे. सुमनताईंना एक खोटं सांगितलं होतं, ते काकांच्या डोळ्यांदेखत खरं होत चाललं होतं, आणि त्याचा त्यांना मनापासून त्रास होत होता.

मधल्या काळात त्यांनी कर्जतच्या भंगारवाल्याकडून तांब्याचा जुना बंब आणला होता. वाफ गार करून दारू उतरवायला त्याला जोडायचा तांब्याचा वेटोळा पाइपही कुठून तरी मिळवला. पाइप पलंगाखाली, बंब बाल्कनीत. चिंचेने घासून तो इतका लखलखीत ठेवलेला, की शेजारणी आपापल्या मुलांना दाखवायला आणत. 'बघ, पूर्वी अंघोळीचं पाणी यात तापवायचे.' काका मान डोलवत. त्या बंबाखाली कधी काडी पेटली नाही.

पुढे त्यांचा गुडघा धरला. एके दिवशी कर्जतमध्ये ते स्कूटरवरच बसून राहिले आणि म्हणाले, "आज तू जा. फक्त तो एक प्रश्न विचारायचा."

मी दुकानात गेले. काउंटरवर चार शेतकरी, मागे खतांच्या गोण्या. मनात वाक्य पाठ होतं. दुकानदार म्हणाला, "बोला ताई." मी मक्याकडे बोट दाखवलं. त्याने पाकीट दिलं. मी घेऊन बाहेर आले.

काकांनी पाकीट फोडलं. टपोरे, एकसारखे दाणे, आणि सगळ्यांवर गुलाबी रंग.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "विष आहे. बियाण्याला किडीचं औषध चोळतात, त्याचा हा रंग. जा, परत देऊन ये."

मी हललेच नाही. परत द्यायचं म्हणजे बोलायचं. काकांनी पाकीट दुमडून खिशात टाकलं. "ठीक आहे. बियाणं आहे ना, मग पेरू."

सोसायटीच्या मागे कंपाउंडच्या भिंतीलगत एक रिकामी पट्टी होती. तिथे तुटकी मडकी आणि कुणाची तरी जुनी सायकल पडलेली असायची. ती आम्ही साफ केली. हातमोजे घालून बी मीच टाकलं. त्यांचा गुडघा वाकत नव्हता, म्हणून ते खुर्ची टाकून बसले आणि सूचना देत राहिले. पावसात मका माझ्या डोक्यावर गेला. सेक्रेटरींनी 'हरित सोसायटी' म्हणून त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले. पोरांनी कोवळी कणसं भाजून खाल्ली, आयांनी सूप केलं. उरलेली काकांनी झाडावरच वाळू दिली, रोज खिडकीतून राखण केली आणि शेवटी अर्धं पोतं दाणे निघाले. त्यांनी मूठ भरून घेतली, श्वास सोडला, हुंगलं, एक दाणा दाढेखाली घेतला. कट्.

"हा," ते म्हणाले. कुठल्याही मक्याला ते असं 'हा' म्हणाल्याचं मी इतक्या खेपांत पहिल्यांदा ऐकलं. "मॅडम, तुझ्या चुकीला वास चांगला आहे. गुडघा जरा बरा होऊ दे, मग भट्टी लावू."

गुडघा बरा झाला नाही. ते बाथरूममध्ये पडले, आणि बंगळुरूहून मुलगी आली ती त्यांना घेऊन जायचं ठरवूनच. ती चांगली आहे, काळजी करणारी. घर आवरायला तिने आठवडा काढला. काका खुर्चीवर बसून सगळ्याला हो म्हणत होते. मला फक्त एकदा म्हणाले, "तिथे बाल्कनीला जाळी आहे म्हणे. बंब तिथे ठेवता येणार नाही."

निघायच्या सकाळी पार्किंगमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, प्लास्टिकच्या खुर्च्या. कुंभिवलीचा दुकानदार बायकोला आणि बाळाला घेऊन आला होता आणि काकांना हळूच विचारत होता, "कोंबड्या कुणाकडं ठेवल्यात?" सुमनताई पोशीरहून रिक्षाने आल्या होत्या, मांडीवर नाचणीची पिशवी. त्या दोन शब्द बोलल्या. "गावात गुत्ता उठवला तवा वाटायचं, शिकल्यासवरल्या मानसांना ह्याचं काय नाय. पन हे काका भेटले. पोरांच्या तोंडात घास घालनारा मानूस." सेक्रेटरींनी तोच धागा पकडला, "आणि संपूर्ण निर्व्यसनी! दारूचा एक थेंबही कधी प्यायले नाहीत!" टाळ्या झाल्या. हे तर अक्षरशः खरं होतं. नोकरीतले सगळे थेंब त्यांनी थुंकले होते. शालीच्या आत काका इतके लहान दिसत होते, की मी दुसरीकडे बघितलं.

तेव्हाच सामान उतरवणारे दोघे जिन्यातून आले. एकाच्या खांद्यावर अर्धं पोतं, दुसऱ्याच्या हातात भंगारात जायचा बंब, आणि बंबाच्या तोंडात खोचलेला पलंगाखालचा तांब्याचा वेटोळा पाइप. पाइप निसटला आणि फरशीवर खणखणत, गिरक्या घेत बरोबर खुर्च्यांच्या मधोमध येऊन थांबला.

सुमनताई त्या पाइपकडे बघत होत्या. असले पाइप त्यांनी गुत्त्यातून स्वतःच्या हाताने उपसून काढले होते.

"बाबा, हे काय आहे?" मुलगी म्हणाली. "आपल्या सामानात कसं आलं?"

सेक्रेटरी माइक हातात धरून तसेच उभे राहिले. "कुणाचं आहे हे?" त्यांचा प्रश्न स्पीकरमधून अख्ख्या पार्किंगभर गेला.

कोंबड्या, याग, पाखरं, बाळं, प्रत्येक दुकानदारासाठी ज्यांच्याकडे उत्तर तयार असायचं, त्या काकांनी तोंड उघडलं आणि त्यातून काहीच आलं नाही. हात शालीत अडकले होते. ते सुमनताईंकडे बघत होते, आणि मी त्यांना कशालाही घाबरलेलं याआधी बघितलं नव्हतं. सुमनताईंनी वाकून पोत्यातून सांडलेला एक दाणा उचलला, बोटांत फिरवला आणि मान वर केली.

मी खुर्चीवरून उठले. मनात वाक्य तयार केलेलं नव्हतं.

"माझं आहे," मी म्हणाले. "मका मी पेरलाय. बियाण्याचा होता, आता खायचा झालाय. आणि तो पाइप जरा जपून उचला."