बकरीमार्फत विचारपूस

साठच्या दशकात मी दुबईच्या देऱ्यात एका व्यापाऱ्याकडे टायपिस्ट होतो आणि स्वतःच्या मते थोर लेखक. खिशाला दोन पेनं लावायचो, त्यातलं एक बंद. खाडीपलीकडे एक आयरिश मॅडम आठवड्यातून एकदा घरी लिहायला शिकवायच्या. त्यांचा नवरा बंदराच्या कामावर इंजिनीअर. वर्गात साहेबांच्या बायका आणि मी, असा थाट होता.

मॅडम त्यांच्या मुलखातल्या गोष्टी वाचून दाखवायच्या. त्यांतली माणसं भांडायची, थापा मारायची, मेल्यावरसुद्धा गप्प बसायची नाहीत. माझ्या लिखाणात मात्र नुसता चंद्र. "चंद्र छान आहे," मॅडम म्हणायच्या, "पण खाली कोणी राहतं का?" मला वाटायचं, यांना काव्य कळत नाही, बिचाऱ्या.

मग त्यांचे वडील तिकडे गावी वारले. जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना संध्याकाळी घरी बोलावलं. आम्ही रत्नागिरीकडचे मुसलमान. मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण नेतात. मी डोक्यावर टोपी, हातात खिचडीचा टोप, तोंड एवढंसं करून होडीनं पलीकडे गेलो. दार उघडलं तर आत केक, चहा, गाणी आणि हशा! तौबा! बाप मेलाय आणि ही बाई हसतेय?

वर चहाचा घोळ. अरबांकडे पेला हलवला की "पुरे" असा अर्थ. मी सवयीनं कप हलवला. मॅडमनी तो भरला. मी पुन्हा हलवला, त्यांनी पुन्हा भरला. माझ्या पोटाचा हौद झाला.

हळूहळू उलगडा झाला. त्यांच्याकडे मेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगत, हसत त्याला निरोप देतात. पण इथं त्यांच्या वडलांना ओळखणारं होतं कोण? नवऱ्यानं एक गोष्ट सांगितली, ती संपली आणि खोली गप्प झाली. मॅडमचा चेहरा पडला. परक्या गावात त्यांचा बाप असा मुक्यानं चालला होता. त्या माझ्याकडे वळल्या. "तू लेखक ना? सांग काहीतरी."

चंद्र काही कामाचा नव्हता. घाबरून मी "एक म्हातारा होता" म्हणत माझ्या हयात अब्बांनाच पुढे केलं. नारळावरून त्यांचा शेजाऱ्याशी अबोला. पण शेजाऱ्याची बकरी अंगणात आली की तिच्याकरवी त्याला शिव्या पाठवायचे. शेजारी आजारी पडला, तेव्हा त्याच्या खिडकीखाली बसून बकरीला म्हणायचे, "इचार गो त्याला, जेवला काय?"

मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगदी माझा बाप!" मी छाती फुगवून घरी आलो. जमलेली पहिली गोष्ट, आणि तीही अब्बांच्या जिवावर.

वर्षभरानं लाँचवरून एक गाववाला उतरला. अब्बा गेले होते, दफनही होऊन गेलं होतं. मी खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलो. जेवण जाईना, रडू येईना. "हबीबी, दोन घास तरी," सोबतचे विनवत होते. डोक्यात शोकाच्या ओळी जुळवायला लागलो तर पुन्हा तोच मेला चंद्र! माझी मलाच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. डोक्यावर रुमाल, हातात टोप. त्यात खिचडी होती, खाली लागलेली. त्या चटईवर बसल्या, आमच्यासारख्याच मान खाली घालून. दारात गल्लीतली बकरी पुठ्ठा चघळत उभी होती. बऱ्याच वेळानं मॅडम तिच्याकडे वळल्या आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बकरी, पूछो इसको, खाना खाया?"

आधी गाववाला फसकन हसला. मग मी हसलो, आणि हसता हसता पोरासारखा हमसून रडलो. किती वेळ, कोण जाणे. मग नाक पुसलं आणि बकरीकडे बघूनच म्हणालो, "सांग गो त्यांना, वाढा म्हणावं."